तुम्ही विचारलंत: मलावी सरोवराचा पिवळा सिक्लिड

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच मासा पुन्हा पुन्हा दिसतोय. दुकानात 'इलेक्ट्रिक येलो' किंवा 'येलो लॅब' म्हणून मिळतो तो, पिवळाधमक, पाठीवरच्या परावर काळी पट्टी असलेला. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. हा सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातला, मूळचा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा, आणि बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे, म्हणजे मासा घरी आणला पण तो कुठून आला हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून यावेळचं सदर या एका माशाला आणि त्याच्या सरोवराला दिलंय.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे ३ फुटी टँक आहे. आधी ४ एंजल फिश होते, मग दुकानदाराने 'आफ्रिकन मिक्स' म्हणून १० मासे दिले, त्यात पिवळे, केशरी आणि निळे आहेत. पंधरा दिवसांत २ एंजल गेले, उरलेल्यांचे पर कुरतडलेत आणि केशरी मासा आता पिवळ्यांना पण एका कोपऱ्यातून हलू देत नाही. पिवळा शांत असतो असं दुकानदार म्हणाला होता. काय करू? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: आधी आजच्या आज एंजल वेगळे काढा, बाकीचं नंतर बघू. एंजल हा अ‍ॅमेझॉनकडचा मासा, मऊ पाण्यात झाडाझुडपांच्या मधून संथ फिरणारा, आणि तुम्ही आणलेले सगळे खडकातले मासे, दोघांचं पाणी वेगळं, खाणं वेगळं, स्वभाव तर फारच वेगळा. यात एंजलचा काही दोष नाही आणि खरं तर आफ्रिकन माशांचाही नाही.

मलावी सरोवर म्हणजे डबकं नव्हे हो. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया अशा तीन देशांत पसरलेलं, जवळपास मुंबई ते गोवा अंतराएवढं लांब, आणि सगळ्यात खोल जागी सुमारे ७०० मीटर. पण २०० ते २५० मीटरच्या खाली पाण्यात ऑक्सिजनच नाही त्यामुळे मासे सगळे वरच्या थरात, आणि त्यातही किनाऱ्यालगत जिथं मोठमोठे खडक पाण्यात उतरलेत तिथं तर नुसती गर्दी. या खडकातल्या सिक्लिडना तिथले टोंगा लोक 'म्बुना' म्हणतात, तेच नाव जगभरच्या हौशी लोकांनी उचललं. प्रत्येक नर एखादी कपार, एखादा दगड धरून बसतो आणि दुसऱ्याला फिरकू देत नाही. तिथं हरलेला मासा पळून चार खडक पलीकडे जातो. तुमच्या ३ फुटात तो पळणार कुठे?

दुकानदार पिवळ्याबद्दल खरं बोलला, म्बुनांमध्ये हा त्यातल्या त्यात शांत आहे. पण केशरी मासा बहुतेक रेड झेब्रा नावाचा दुसरा म्बुना असावा, आणि तो शांत नाही. दुसरी गोष्ट जी मला जास्त टोचते ती अशी की रेड झेब्रा आणि पिवळा यांचा टँकमध्ये संकर होतो. पिल्लं दिसायला पिवळीच, जरा फिकट किंवा केशरट, मग ती कुणीतरी 'येलो' म्हणून विकतो, पुढचा माणूस त्यांची पिल्लं काढतो, आणि काही वर्षांत बाजारात खरा पिवळा शोधावा लागतो. 'मिक्स' हा शब्द ऐकला की दुकानातून सरळ बाहेर या असं मी सगळ्यांना सांगतो. जातीचं नाव विचारा, दुकानदाराला नाव माहीत नसेल तर तो मासा घेऊ नका, रंग कितीही भारी असला तरी.

तुमच्यासाठी उपाय असा की केशरी आणि निळे परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्या. पिवळे ठेवायचे तर टँक ४ फुटी घ्या, आणि नर एक, माद्या तीन-चार असं ठेवा म्हणजे नराचा राग एकीवरच निघत नाही. दगड खालपासून वरपर्यंत रचा, मधे आरपार जाणाऱ्या कपारी सोडा, पण दगड आधी तळाच्या काचेवर नीट बसवा आणि मगच वाळू टाका, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरून काच फुटू शकते.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) ८५० येतो. दुकानदार म्हणतो आरओचं पाणी टाका नाहीतर मासे मरतील. रोज एवढं आरओ कुठून आणायचं? आणि प्रत्येक वॉटर चेंजला मूठभर खडे मीठ टाकायला सांगितलंय, ते बरोबर आहे का? (लातूरहून)

उत्तर: नुसतं आरओ टाकू नका, अजिबात नको. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६, म्हणजे अल्कलाइन, आणि हे मासे त्याच पाण्यात पिढ्यानपिढ्या वाढलेत. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, मग तो घसरतो आणि मासे हळूहळू खंगतात. तुमच्या भागातलं बोअरचं जड पाणी एंजल किंवा डिस्कसला त्रासाचं, पण या पिवळ्याला ते चालतं. मराठवाड्यात बोअरवर टँक चालवणाऱ्यांनी खरं तर हाच मासा आधी विचारात घ्यावा.

फक्त टीडीएसच्या एका आकड्यावर जाऊ नका. त्यात काय काय विरघळलंय ते टीडीएसचा पेन सांगत नाही. शेताजवळच्या बोअरला नायट्रेट जास्त असू शकतं, तेव्हा एकदा टेस्ट किट आणून पीएच, कार्बोनेट हार्डनेस (म्हणजे पीएच धरून ठेवणारे क्षार), अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट एवढं बघाच. नायट्रेट बोअरमधूनच जास्त येत असेल तर थोडं आरओ किंवा पावसाचं स्वच्छ पाणी मिसळून ते खाली आणता येईल, पण मिसळून, पूर्ण बदलून नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या, पीएच जास्त असलेल्या पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो. तेवढाच अमोनिया मऊ पाण्यातल्या टँकला कदाचित निभावेल, तुमच्या टँकला नाही निभावणार. म्हणून फिल्टर दणकट पाहिजे, नवीन टँक सायकल झाल्याशिवाय, म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू तयार झाल्याशिवाय, मासे टाकायचे नाहीत, आणि आठवड्याला पाव ते तीसेक टक्के पाणी बदलायचंच. उन्हाळ्यात तुमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, या माशांना २४ ते २८ अंश बरं, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, तर एप्रिल-मेमध्ये एअर पंप बंद ठेवू नका, पाण्यावर छोटा पंखा सोडा आणि खाणं कमी करा.

मिठाचं म्हणाल तर मलावी हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे. पाणी अल्कलाइन असणं आणि खारं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर वेळी खडे मीठ टाकायची काही गरज नाही, बंद करा.

(मुंबई-पुण्याच्या नळाचं पाणी मऊ असतं, तिथल्या वाचकांनी उलटं करायचंय. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत चुनखडीचे तुकडे किंवा पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानात मिळतो तो शिंपल्यांचा चुरा धुऊन ठेवा, पीएच हळूहळू चढतो आणि टिकतो. प्रवाळाचे तुकडे मात्र मागू नका, आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.)

प्रश्न: काका मी सातवीत आहे. माझ्या टँकमधली एक पिवळी मादी आठ दिवस काहीच खात नाहीये. तिची हनुवटी फुगलीये आणि ती तोंड सारखं हलवत असते जसं काही चघळतेय. बाबा म्हणतात आजारी आहे, औषध टाकू. टाकू का? (कोल्हापूर)

उत्तर: नको नको, औषध टाकू नकोस, बाबांनाही हे वाचायला दे! तुझी मादी आजारी नाहीये, तिच्या तोंडात अंडी आहेत. तू लिहिलंयस ना की ती चघळल्यासारखं करते, ते ती अंडी तोंडातल्या तोंडात फिरवत असते, म्हणजे त्यांना सगळीकडून ताजं पाणी मिळतं. इतकं बारीक बघून लिहिलंस म्हणून उत्तर देणं सोपं झालं, शाबास.

हे कसं होतं ते सांगतो. नराच्या खालच्या मागच्या परावर, शेपटीच्या जरा अलीकडे, पिवळट गोल ठिपके असतात बघ. मादी दगडावर एक-दोन अंडी टाकते आणि लगेच वळून तोंडात उचलते. मग नर तो पर तिच्यासमोर पसरून थरथरवतो, तिला ते ठिपके अंड्यांसारखे दिसतात आणि ती तिथे तोंड लावते, त्याच वेळी नराचं बीज तिच्या तोंडात जातं आणि अंडी तोंडातच फळतात. वोल्फगांग विकलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल आहे असं मांडलं होतं. ठिपके नराला असतात पण माद्यांनाही थोडे असू शकतात, तेव्हा फक्त त्यावरून नर-मादी ठरवू नकोस.

आता तुझं काम. साधारण ३ ते ४ आठवडे ती अंडी, आणि मग त्यातून निघालेली पिल्लं, तोंडात ठेवेल. या काळात ती जवळजवळ उपाशी राहते. हे सगळं तिच्या शरीराला जमतं, घाबरू नकोस. टँकला धक्का द्यायचा नाही, काचेवर टकटक नाही, जाळी घालून तिला पकडायचं नाही, कारण घाबरली तर ती अंडी थुंकून देऊ शकते किंवा गिळून टाकू शकते. इंटरनेटवर मादीचं तोंड उघडून पिल्लं काढायचे व्हिडिओ असतात, ते तू मुळीच करायचं नाहीस. शक्य असेल तर शेवटच्या आठवड्यात बाबांच्या मदतीने, टँकमधलंच पाणी वापरून, तिला हळूच वेगळ्या छोट्या टँकमध्ये हलवा. तिथे ती पिल्लं सोडेल, दहा ते पंचवीस असतील, एकेक सेंटिमीटरची, आणि सोडल्या सोडल्या खायला लागतील. बोटांनी चुरलेले फ्लेक्स चालतात, आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) ताजी पिल्लं मिळाली तर फारच छान. पिल्लं बाहेर आली की आईला दोन-चार दिवस एकटीला नीट खाऊ दे, मगच परत मोठ्या टँकमध्ये सोड. आणि पिल्लं किती झाली ते मला कळव.

प्रश्न: पिवळ्यात नर-मादी कशी ओळखायची? (सातारा)

उत्तर: छोट्या वयात ओळखू येत नाही, खरंच नाही येत, आणि दुकानदार 'जोडी' म्हणून दोन बारके मासे देत असेल तर तो अंदाजच असतो. मोठा, वरचढ नर असेल तर त्याचे पोटाखालचे पर काळेशार होतात, तोंडावर पण कधी कधी काळसर छटा येते. पण वरचढ मादीही तशी दिसू शकते. म्हणून ६ ते ८ पिल्लं एकत्र घ्या, वाढू द्या, कोण तोंडात अंडी धरतं ते बघा आणि मग जास्तीचे नर कमी करा.

प्रश्न: माझ्या दोन पिवळ्यांचं पोट फुगलंय, एकाची विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबते, खाणं तोंडात घेऊन थुंकतो. मी रोज तीन वेळा ब्लडवर्म (लाल अळ्या) देते, आवडतं म्हणून, आणि रविवारी चिकनच्या लिव्हरचे तुकडे. (डोंबिवली)

उत्तर: ताई, लिव्हर आजपासून बंद करा. तुमच्या वर्णनावरून ही लक्षणं 'मलावी ब्लोट' म्हणतात त्याची दिसतायत. यामागे एकच कारण असतं असं नाही, चुकीचं आणि जास्त खाणं, खराब पाणी, सतत मार खाऊन आलेला ताण आणि आतड्यातले परजीवी, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

हा मासा सरोवरात काय खातो ते बघा म्हणजे कळेल. खडकांवर शेवाळाचा एक पातळ थर असतो, त्यात बारीक किडे, अळ्या, छोट्या गोगलगायी, डोळ्याला जेमतेम दिसणारे कवचधारी जीव दडलेले असतात, आणि पिवळा आपल्या चिमट्यासारख्या पुढच्या दातांनी ते एकेक वेचून खातो. दिवसभर, थोडं थोडं. कोंबडीची चरबी त्याच्या पोटाला पचायची कशी? ब्लडवर्म अधूनमधून दिले तर हा मासा खातो, पण तुमच्या टँकमध्ये शेवाळ खाणारे दुसरे म्बुना असतील, ज्यांची आतडी लांब असतात, तर त्यांना ते पण नको.

आत्ता करायचं ते असं: दोन्ही मासे वेगळ्या टँकमध्ये घ्या, मोठ्या टँकचं अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट तपासा आणि पाणी बदला, सगळ्यांना दोन दिवस उपास. मेट्रोनिडाझोल या औषधाचा उपयोग होतो, पण मासा थोडंफार खात असतानाच, पोट खूप फुगून खवले उभे राहिले की फार हाती राहत नाही. डोस माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच, मेडिकलमधून गोळी आणून अंदाजाने टाकू नका. बरे झाले की स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेले चांगले पेलेट दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच, आणि आठवड्यात एक दिवस काही नाही. 'आवडतं म्हणून' दिलं हे मला कळतं, प्रेमानेच होतं ते, पण हे मासे दिसेल तेवढं खातात.

प्रश्न: आम्ही उजनीकाठचे. आमच्या पोराने हा पिवळा मासा आणलाय आणि म्हणतो हा आपल्या चिलापीचा भाऊबंद आहे. खरं का? आणि पिल्लं जास्त झाली तर उजनीत सोडली तर वाढतील का? (इंदापूर)

उत्तर: पोरगा बरोबर सांगतोय. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तोही आफ्रिकेतला सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया भारतात पहिल्यांदा आणला गेला तो १९५२ मध्ये. या चिलापीची मादी पण अंडी तोंडात धरते, त्यामुळे पिल्लं मोठ्या संख्येने वाचतात, आणि हेही एक कारण आहे की ती आपल्या तलावांत-धरणांत एवढी पसरली. तुमच्याकडे चिलापीवर कितीतरी घरांचा संसार चालतो हे मला माहितीये, पण आपल्या नद्यांतल्या मूळच्या माशांना तिच्याशी खाण्यासाठी आणि जागेसाठी झगडावं लागतं हेही तितकंच खरं.

म्हणून पिवळा मासा उजनीत सोडू नका. ओढ्यात नको, विहिरीत नको, गणपतीच्या तलावात पण नको. वाढतील की नाही हा प्रश्नच नाही, मरतील तर त्यांचे हाल आणि वाढले तर आपल्या माशांचे. पिल्लं जास्त झाली तर शाळेला द्या, ओळखीत द्या, दुकानदाराला द्या. आणि पुढच्या वेळी मादीने अंडी धरली तर तिला वेगळी करू नका, मोठ्या टँकमध्ये आपोआप थोडीच पिल्लं वाचतात.

जाता जाता, आपल्याकडे मूळचे सिक्लिड पण आहेत हे पोराला सांगा. गोव्यात आणि कोकणच्या खाड्यांत काळुंदर मिळतो ना, तो सिक्लिडच. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात आणि २०१० मध्ये त्यांनी तो राज्य मासा केला. तो तोंडात अंडी धरत नाही, दगडाला-लाकडाला चिकटवतो आणि नर-मादी दोघं राखण करतात. त्याचे जवळचे नातेवाईक मलावीत नाहीत, मादागास्कर बेटावर आहेत. तुमच्या पोराला आवड आहे तर त्याला एकदा काळुंदर नक्की दाखवा.

प्रश्न: मी कामानिमित्त लिलाँग्वेला असतो. पुढच्या सुट्टीत केप मॅक्लिअरला जाऊन स्नॉर्कलिंग करायचा विचार आहे. तिथे हा पिवळा मासा पाण्यात दिसेल का? लहानपणी नाशिकला आमच्या टँकमध्ये होता. (एक वाचक, मलावी)

उत्तर: तुमचा मेसेज वाचून फार आनंद झाला, आमच्यापैकी बहुतेकांनी हे सरोवर फक्त फोटोत बघितलंय!

पण पिवळ्यासाठी केप मॅक्लिअर ही जागा नाही. ते सरोवराच्या दक्षिण टोकाला, आणि या पिवळ्याचं मूळ घर पश्चिम किनाऱ्यावर बरंच उत्तरेला. जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या जातीचं वर्णन केलं ते नखाटा बे इथल्या माशांवरून, आणि तिथला मासा पिवळा नाहीच, पांढुरका-निळसर आहे. आपण ओळखतो तो गर्द पिवळा प्रकार त्याच्या उत्तरेला, लायन्स कोव्हच्या आसपासच्या किनाऱ्याच्या छोट्या पट्ट्यात मिळतो, आणि तिथंही भरपूर नाही. शिवाय तो जरा खोल, दहा मीटरच्या खाली जास्त राहतो, त्यामुळे नुसत्या स्नॉर्कलने दिसणं अवघडच, डायव्हिंग करावं लागेल. आपल्याकडे विकले जाणारे पिवळे जवळपास सगळे टँकमध्येच जन्मलेले. जगभरच्या टँकमध्ये इतका पसरलेला मासा आणि त्याचं स्वतःचं घर एवढंसं, हे कळल्यापासून मी दुकानातला साधा पिवळा पण वेगळ्या नजरेने बघतो.

तरी केप मॅक्लिअरला जाच. १९८० मध्ये तिथं लेक मलावी नॅशनल पार्क झालं आणि १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, मुख्यतः या माशांसाठीच. खडकाजवळ तोंड पाण्यात घातलं की म्बुनांचे थवे दिसतील. खडक संपून वाळू सुरू होते तिथे लक्ष ठेवा, ठिपक्याठिपक्यांचा लिव्हिंगस्टोनी नावाचा एक मोठा शिकारी सिक्लिड असतो, तो वाळूत मेल्यासारखा आडवा पडून राहतो आणि छोटे मासे कुरतडायला आले की झडप घालतो. दिसला तर बराच वेळ न हलता थांबा.

आणि एक काळजी घ्या. या सरोवरात काही ठिकाणी बिल्हार्झियाचा धोका आहे, केप मॅक्लिअरला तर आहेच. हा रोग पसरवणारा परजीवी पाण्यातल्या गोगलगायींमध्ये वाढतो आणि पोहणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो. वाईट या गोष्टीचं वाटतं की या गोगलगायी खाऊन ताब्यात ठेवणारे सिक्लिड सरोवरात होते, आहेत, पण किनाऱ्यालगत बेसुमार मासेमारी झाली, ते कमी झाले आणि गोगलगायी वाढल्या, तिथे काम केलेल्या संशोधकांनी बिल्हार्झिया वाढण्याचा संबंध याच्याशी जोडलाय. तिथल्या लोकांचा आवडता चांबो, तोही तिलापियाच्या कुळातलाच, दक्षिण भागात असाच घटला. मासा कमी होणं ही तिथे हौशी लोकांची चिंता नाही, जेवणाची आणि आजारपणाची गोष्ट आहे.

तर वेली-गवत असलेल्या उथळ, साचलेल्या पाण्यात उतरू नका, बोटीने खडकाळ बेटांकडे जा, बाहेर आलात की लगेच अंग खसखसून पुसा. तरीही परतल्यावर डॉक्टरांना सरोवरात पोहल्याचं आवर्जून सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने तपासणी करा, ही तपासणी लगेच करून उपयोग नसतो, काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. मलावीतल्या डॉक्टरांना हे नेहमीचं आहे आणि त्यावर प्राझिक्वांटेल हे औषध मिळतं. कधी नखाटा बेच्या बाजूला जाणं झालं तर तिथल्या डायव्हिंगवाल्यांना पिवळ्याबद्दल विचारा, आणि दिसला तर किती खोलीवर, कसल्या दगडांत, एकटा होता की बरेच होते, ते लिहून पाठवा, फोटो नसला तरी चालेल, आपण ते इथे छापू.